नाचा खुशाल, पण कानांच्या बाबतीत या चुका टाळा

पुण्यात मुंढवा, गोव्यात वागातोर. जिथे काम मिळेल तिथे साउंडच्या कन्सोलमागे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या टेबलामागे, उभा असतो. समोरची पोरं तिकिटावर, बुटांवर, दारूवर हजारो रुपये उडवतात आणि कानात काय घालतात? टिश्यू पेपरचा बोळा. टिश्यू किंवा कापूस जेमतेम काही डेसिबल अडवतो. विषय संपला.

आधी साधा हिशोब. ८५ डेसिबलला आठ तास, ही कानांसाठी सर्वसाधारण मर्यादा धरली जाते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. डान्स फ्लोअरवर १०० सहज असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असंच म्हटलंय. आणि सोबत इअरप्लग (आवाज अडवायला कानात घालायची बुचं) आणि शांत कोपरा द्या, असंही. कारण रात्रभर १०० म्हणजे सुरक्षित नव्हेच.

'काय?' म्हणत प्लग काढणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. प्लग आणलेत, घातलेत, आणि मित्र काही बोलला की लगेच काढून हातात. गाणं बदललं, काढले. ड्रॉप, म्हणजे गाण्यात बेस एकदम कोसळतो तो क्षण, 'फील' करायचाय, काढले.

समजा तुमचा प्लग ३० डेसिबल अडवतो. चार तासांत मिळून २४ मिनिटं तो खिशात होता, म्हणजे वेळेचा दहावा भाग. मग रात्रभराचं संरक्षण २७ डेसिबल उरतं का? नाही. जेमतेम १० उरतं. त्या २४ मिनिटांत जो आवाज आत गेला, त्याच्यापुढे बाकीचे साडेतीन तास नगण्य ठरतात. आणि १०० डेसिबलला मुभा १५ मिनिटांची होती, हे वर सांगितलंच.

आमच्या ओळखीतला एक पोरगा चाकणला प्रेस शॉपमध्ये इंजिनिअर आहे. तिथे सेफ्टीवाला डोक्यावर उभा असतो म्हणून निमूट प्लग घालतो. डिसेंबरात गोव्याला आला तेव्हा कारखान्यातलेच नारिंगी फोमचे प्लग खिशात घेऊन आला. मला बरं वाटलं. पण गडी दर दोन गाण्यांनी ते काढत होता. बिअरच्या हातांनी परत कोंबायचा, ते अर्धवट बसायचे, मग 'नीट ऐकू येत नाही' म्हणून पुन्हा काढायचे. मध्यरात्रीनंतर एक वाळूत पडला, म्हणून त्याने दुसराही फेकून दिला आणि टॉपच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या, पुढ्यात जाऊन उभा राहिला. सकाळी मला म्हणतो, "दादा, कानात अजून शिट्टी वाजतेय, काय वाजवलंय राव काल!"

बोलायचंच असेल तर प्लग ठेवूनच बोला. थोडी सवय झाली की जमतं. मी समोरच्याच्या कानाच्या भोकापुढची छोटी पाळी बोटाने हलकेच दाबून भोक बंद करतो आणि जवळून साध्या आवाजात बोलतो. ओरडण्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतं आणि त्याच्या कानात मीच स्पीकर लावत नाही. लांबलचक गप्पा असतील तर बाहेर चला. तासाला दहा-पंधरा मिनिटं बाहेर जायलाच हवं. सिगारेट न ओढताही स्मोकिंग झोनमध्ये उभं राहता येतं.

फोम नुसता भोकावर ठेवणं

फोम बोटांत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. मग दोन्ही तळवे कानांवर दाबून बघा. आवाज बराच कमी झाला, तर प्लग बसलेला नाही. हे सगळं बाहेर रांगेत, स्वच्छ हातांनी. आत जाऊन अंधारात नव्हे.

फोममध्ये गाणं घोगरं लागतं हे खरंय. तो वरच्या पट्ट्या जास्त खातो. ज्यांचं महिन्याला दोन-चारदा जाणं होतं त्यांनी फिल्टरवाले प्लग घ्यावेत, त्यात सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरतात. पण ते घेऊन दोन मिनिटांत 'दबल्यासारखं वाटतंय' म्हणणारेही मी पाहिलेत. अरे, आधी घरी घालून बस. स्वतःचाच आवाज घुमतो, त्याचीही सवय व्हावी लागते.

स्पीकरला चिकटणं

मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. बंद क्लबमध्ये भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे एवढा फरक पडत नाही. कन्सोलजवळ उभे राहा, साउंड तिथल्यासाठीच लावलेला असतो. विसर्जनाला डॉल्बीच्या भिंतीपुढे लहान पोर खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांबद्दल मात्र इथे लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

मोबाइलच्या मीटरवर भांडू नका. तो बेस फारसा मोजत नाही. १०० दाखवले तर भ्या, ९२ दाखवले तर खूश होऊ नका.

'दोन दिवसांत जाईल'

आता तो चाकणवाला. शिट्टी वाजत असतानाच रात्रीच्या स्लीपर बसमध्ये इअरफोन लावून पुण्यापर्यंत आला. त्या कानांना विश्रांती हवी होती, त्यांना आणखी एक शिफ्ट करायला लावली. कानाला दडे बसले म्हणून काडी घातली. घरच्यांनी कोमट तेल सोडलं. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना मार लागलाय, तिथे तेल काय करणार? त्या पेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. तीन आठवड्यांनी ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे) गेला, ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, ४००० हर्ट्झला खड्डा, म्हणजे त्या उंच आवाजाला कान कमी पडतो. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्या दिवसांतच का आला नाहीस, तेव्हा काही औषध देऊन बघता आलं असतं. आता कँटीनच्या गोंगाटात त्याला बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. स, श, फ ही अक्षरं निसटतात.

शिट्टी म्हणजे पार्टी भारी झाल्याची पावती नव्हे. दुसऱ्या दिवशीही वाजत असेल, दडे सुटत नसतील, तर डॉक्टरकडे जा. एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी.

नियमित जाणाऱ्यांनी सीझनआधी एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून कागद जपून ठेवावा, पुढे तुलनेला लागतो. कुठल्याही ईएनटीकडे होते. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. फक्त शनिवारी नाचून रविवारी टेस्टला बसू नका, कान तात्पुरते मंदावलेले असतात आणि आकडे वाईट येतात. दोन-तीन दिवस शांततेत काढून जा.