कुत्र्याचा केक मधे कच्चा राहतोय? माझा असा जमला

मोत्याच्या बड्डेचा कुकरमधला केक दोनदा वरून तयार आणि मधे गिच्च. सोडा वाढवला, गॅस मोठा केला, बूड करपलं तेवढं. वैताग आला बघा. पाणी गाजराचं होतं! आता वाटीभर किसलेलं गाजर फडक्यात घट्ट पिळायचं, मग वाटीभर कणीक, एक अंडं, अर्धं केळं, पाव वाटी दही, दोन चमचे तेल, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पसरट डब्यात अंगठ्याच्या पेराएवढाच थर. कुकरची शिट्टी-रिंग काढून तळाला मीठ, वर स्टँड, 10 मिनिटं तापवून डबा ठेवा, बारीक गॅसवर 35-40 मिनिटं. काडी कोरडी आली की पूर्ण गार करून वर चक्का. साखर नकोच, चॉकलेट-मनुका तर कुत्र्याला विषच, पीनट बटर घालणार तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी) लिहिलंय का बघा, असलं तर नको. बेळगावचा कुंदा आम्हीच संपवला, मोत्या नुसता बघत बसला.