क्रूझवर नोकरीला निघताय? आधी खालचे डेक समजून घ्या

क्रूझवरची नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झुंबरं, तरणतलाव आणि फुकटात जगप्रवास येतो. माझी नोकरी डायनिंगमध्ये होती, त्यामुळे झुंबरं रोज दिसायची, पण ती पाहुण्यांना जेवण वाढता वाढता. आपलं खरं जहाज खालच्या डेकवर असतं. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक रुंद पॅसेज असतो. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर तिथल्या महामार्गावरून त्याला ‘आय-९५’ म्हणतात. भाजीपाला, धुण्याचे गठ्ठे, प्रवाशांच्या बॅगा, नवीन क्रू, सगळ्यांची ये-जा तिथूनच. पहिल्या आठवड्यात तेवढा रस्ता पाठ करा.

थोडा इतिहास माहीत असला की आजचं काम उलगडतं. लायनर म्हणजे ठरलेल्या तारखेला माणसं आणि टपाल पलीकडे पोचवणारी बोट. क्युनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ १८४० मध्ये लिव्हरपूलहून निघाली ती टपालाच्या कंत्राटावरच. मग वेगाची चुरस लागली. १९५२ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ नावाच्या लायनरने साडेतीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडला, आणि सहाच वर्षांनी त्याच मार्गावर प्रवासी जेट विमानं उडू लागली. पोचवण्याचं काम गेलं, फिरवण्याचं उरलं. प्रवाशाला घाई नसली की त्याला खाऊपिऊ घालणं, रमवणं हाच धंदा होतो. म्हणून आज क्रूमध्ये सर्वांत मोठी फौज हॉटेल विभागाची असते. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजावर २,३५० च्या आसपास कर्मचारी आहेत, त्यांतले डेकवरचे आणि इंजिनातले मूठभरच.

तरीही वेटर असा की गायक, कायद्याने तुम्ही खलाशीच. एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातलं, बेसिक सेफ्टी ट्रेनिंग उरकून टाकायची गोष्ट समजू नका. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की वाढप्याच्या हातात ट्रे नसतो, मस्टर स्टेशनवरच्या (आणीबाणीत जमायच्या जागेवरच्या) माणसांची जबाबदारी असते. २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळली, ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची आणीबाणीची ड्रिल तोवर झालीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते.

म्हणजे ‘टर्नअराउंड डे’ला कामांची गर्दी कशी होते बघा: सकाळी जुने पाहुणे उतरवा, दुपारी नवे चढवा, मधल्या वेळेत केबिनी आवरा, आठवड्याचं सामान भरा, त्यात ड्रिल, आणि रात्रीचं जेवण वेळेवर. अमेरिकेतलं बंदर असेल तर ‘यूएसपीएच’वाले, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे लोक, न सांगता तपासणीला येतात. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, गरम ५७ च्या खाली. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. अशा दिवशी सगळ्यात शांत शेफसुद्धा ओरडतो. मनावर घेऊ नका.

कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत आठवडी सुट्टी बहुधा नसते. मात्र आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात विश्रांतीचा हिशोब आहे: चोवीस तासांत किमान १०, आठवड्यात ७७ तास. दिवसाच्या विश्रांतीचे फार तर दोन तुकडे करता येतात, त्यांतला एक सलग सहा तासांचा हवा. कागदावर विश्रांती दाखवून काम करून घेणारा सुपरवायझर कधी ना कधी भेटतोच, म्हणून आपले तास आपण लिहून ठेवा. केबिनमधला सोबती वेगळ्या शिफ्टचा असेल, तर झोपेसाठी कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी बॅगेत सगळ्यात वर असू द्या.

आणि पैसे. नोकरी लावून देण्याबद्दल एजंटाने उमेदवाराकडून फी घेणं याच करारात निषिद्ध आहे. पासपोर्ट, खलाशाचं ओळखपुस्तक आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तुमच्याकडे येऊ शकतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. ‘जागा अडवून ठेवायला’ रक्कम मागणाऱ्याच्या ऑफिसातून सरळ उठून यायचं.