वन्यजीव उपचार केंद्रात सहायक किपर म्हणून काम सुरू करताना

वन्यजीव उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून गेल्यावर पहिला महिना बहुतेक झाडू, पाण्याचा पाइप आणि वजनकाटा यांच्यासोबत जातो. बिबट्याच्या बछड्याला बाटलीनं दूध पाजायला मिळेल या आशेनं येणारे बरेच जण इथूनच परत फिरतात. पण खरं काम हेच आहे. जंगली प्राणी आजारपण शेवटपर्यंत लपवतो. डॉक्टर त्याला दिवसातून काही मिनिटं बघतात. ताटलीत काय उरलं, विष्ठेचा रंग कसा होता, घार दांडीवर एकाच पायावर भार देऊन बसते का, हे बघणारा माणूस किपर असतो, आणि त्याच्या नोंदीवर औषध बदलतं.

आधी जागा नीट निवडा. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर उपचार करून प्राणी परत सोडण्यासाठी चालतं. जुन्नरजवळच्या माणिकडोहला जंगलात सोडता न येणारे बिबटे कायमचे राहतात. दोन्हीकडच्या कामाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तुम्हाला काय शिकायचंय ते ठरवूनच अर्ज करा. कुठल्याही केंद्राला दोन गोष्टी विचाराव्यात: वनविभागाची परवानगी आहे का, आणि पाहुण्यांना प्राणी हाताळू देतात का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तिथे जाऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता आहे. तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि केंद्रातून ‘एकच रात्र सांभाळतो’ म्हणून पिल्लू घरी नेणं हा गुन्हा ठरतो.

रुजू होण्याआधी लसी घ्या. रेबीजची चावण्यापूर्वीची लस आपल्याकडे तीन डोसांत देतात: पहिल्या दिवशी, मग त्यानंतर सात दिवसांनी आणि एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे तयारीला जवळपास महिना लागतो. धनुर्वाताची लसही चालू असावी. कपडे मळकट रंगाचे, अंगाला अत्तर नाही, नखं कापलेली, केस बांधलेले, पायात गमबूट. कानातले लोंबते डूल घरीच ठेवा, माकडं ते हमखास ओढतात.

सकाळची पहिली फेरी फक्त बघण्याची. काही हलवायचं नाही, आवाज करायचा नाही. मग वजन, आणि तेही खाणं देण्याआधी, रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर. रिकाम्या डब्याचं वजन वजा करायला नवशिके विसरतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या साळुंकीचं वजन दोन दिवसांत दहा ग्रॅमनं उतरलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. तितकीच घट पाऊण किलोच्या घारीत फार बोलकी नसते. वहीत ‘नीट खाल्लं’ असं लिहू नका. दिलं किती ग्रॅम, उरलं किती ग्रॅम, एवढं लिहा.

सफाईचा क्रम चुकला तर रोग तुमच्याच बुटांवरून पसरतो. आधी पिल्लं आणि निरोगी प्राणी, मग आजारी, सगळ्यात शेवटी विलगीकरणातले. प्रत्येक विभागाची बादली, ब्रश आणि हातमोजे वेगळे. आधी घाण उचलायची, साबणाच्या पाण्यानं घासायचं, धुवायचं, त्यानंतर जंतुनाशक. हा क्रम सोडून थेट ब्लीच ओतलं तर दोन गोष्टी बिघडतात: विष्ठेत आणि रक्तात ब्लीचचा जोर संपतो, आणि लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो. रोजच्या सफाईला साधारण एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, संसर्गाच्या पिंजऱ्याला एकास नऊ. दहा मिनिटं राहू द्यायचं, मग भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. मिश्रण रोज ताजं करा. फिनाईल मात्र मांजरकुळाच्या पिंजऱ्यांजवळही नको. बिबट्या, रानमांजर, वाघाटी यांच्या यकृताला त्यातल्या फिनॉलचा निचरा जमत नाही, आणि ओल्या फरशीवर पंजा ठेवून तो चाटला तरी विष पोटात जातं.

खाण्यात होणाऱ्या चुका बहुतेक दयेपोटी होतात. पक्ष्याला दूध कधीही द्यायचं नाही, त्याला ते पचत नाही. चोचीत पाण्याचे थेंबही सोडायचे नाहीत: पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि काही तासांत पिल्लू दगावतं. पिसं न फुटलेलं पिल्लू थंड असेल तर आधी ऊब, मग खाणं. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, भरवलेलं आत कुजतं. साळुंकी-बुलबुलाच्या लहान पिल्लांना उजेड असेपर्यंत दर अर्ध्या तासाला भरवावं लागतं, आणि उन्हाळ्यात एकाच वेळी वीस पिल्लं आली की दोन माणसं फक्त तेवढंच करतात. घार आणि घुबडाला नुसतं चिकनचं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. म्हणून उंदीर किंवा कोंबडीची पिल्लं हाडापिसांसकट अख्खी द्यायची. न पचलेलं ते गोळी करून बाहेर टाकतात. ती गोळी पडली की नाही, हेही वहीत लिहायचं. गोठवलेलं मांस रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सैल करा. गरम पाण्यात बुडवलं तर बाहेरून सडतं आणि आत बर्फ राहतो.

संक्रांतीच्या आसपास मांजानं पंख कापलेले पक्षी येतात, त्यात घारी बऱ्याच. जखम भरते, पण पिंजऱ्यात त्यांची उड्डाणाची पिसं मोडली तर नवीन येईपर्यंत कित्येक महिने त्यांना सोडता येत नाही. म्हणून तारेच्या जाळीला आतून शेडनेट किंवा उभे बांबू लावतात आणि दांडीला काथ्या गुंडाळतात. गुळगुळीत पाइपवर बसून तळपायाला गळू होतं, ते लवकर बरं होत नाही.

चितळ, भेकर, काळवीट यांसारखा प्राणी आला तर डोळ्यांवर कापड, अंधार, शांतता आणि कमीत कमी माणसं. धरपकडीच्या भीतीनंच त्यांचे स्नायू आतून खराब होतात, आणि दिसायला ठीक असलेला प्राणी काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतो. इथे बघ्यांना बाहेर काढणं हाही उपचारच आहे. भीड बाळगू नका.

ऊसतोडीच्या हंगामात शेतात बिबट्याची किंवा वाघाटीची पिल्लं सापडतात. लोकांना ती अनाथ वाटतात. आई बहुतेक वेळा जवळपासच असते. डॉक्टर तपासतात आणि निरोगी असतील तर संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून वनकर्मचारी लांबून, कॅमेऱ्यावरून लक्ष ठेवतात. तोपर्यंत सहायकाचं काम म्हणजे ऊब, स्वच्छता आणि गप्प बसणं. पिल्लांशी बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. माणसाच्या आवाजाला खाणं जोडलं गेलं की ते जनावर पुढे वस्तीकडे येतं आणि जन्मभर पिंजऱ्यात राहतं.

मोठ्या मांसभक्षकाच्या कप्प्यात नवखा स्वयंसेवक जात नाही, आणि अनुभवी माणूसही एकटा जात नाही. जनावर आतल्या खोलीत डोळ्यांनी दिसलं, सरकतं दार पडलं, कुलूप लागलं, ओढून पाहिलं: हे चारही जोडीदाराला मोठ्यानं सांगायचं आणि त्यानं ‘हो’ म्हटल्यावरच बाहेरचं दार उघडायचं. अपघात होतात ते बहुतेक घाईत किंवा ‘कालच लावलं होतं’ या समजुतीवर. पक्ष्यांच्या पिंजऱ्यालाही दोन दारं असतात, पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं उघडत नाहीत.

चावलं किंवा ओरबाडलं तर लपवू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधीची लस पूर्ण असेल तरी पहिल्या आणि चौथ्या दिवशी दोन डोस घ्यावे लागतात. माकड चावलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कारण माकडांतला हर्पिस-बी हा विषाणू वेगळी काळजी मागतो. वटवाघळाचा बारीक ओरखडाही चावण्यातच धरायचा.

पुढे हेच करायचं असेल तर पशुवैद्यकाची पदवी हा सरळ रस्ता. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्राणिशास्त्रवाल्यांना देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा एम.एस्सी.चा मार्ग खुला असतो. किपरच्या पगारी जागा थोड्याच निघतात, आणि तिथे मुलाखतीत ‘प्राण्यांची आवड’ कुणी फारसं विचारत नाही. एखाद्या घारीचं येण्यापासून सोडण्यापर्यंतचं वजन, खाणं, उड्डाण तुम्ही सांगू शकता का, हे बघतात. म्हणून स्वतःची वेगळी वही ठेवा, केंद्राच्या परवानगीनं, केस क्रमांकासह.