निवृत्त कायरोप्रॅक्टरचा मृत्युलेख कसा लिहावा

अमेरिकेत सून किंवा जावई म्हणून गेलेल्या मराठी माणसावर कधीतरी ही जबाबदारी येते. सासरे गेलेले असतात, घरातल्यांना काही सुचत नसतं, आणि "तुला लिहिता येतं, तूच लिही" असं सांगितलं जातं. हाताशी जेमतेम दोन दिवस असतात. सासरे आयुष्यभर कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांच्या सांध्यांवर हाताने उपचार करणारे, होते असं इथे धरलं आहे.

लिहायला बसण्याआधी कागदपत्रं शोधा. पदवीची भिंतीवरची चौकट, राज्याचा परवाना, लग्नाचा दाखला आणि सैन्यात असले तर सेवामुक्तीचा डीडी-214 फॉर्म, एवढं पुरे. तारखा आठवणीवर लिहू नका, शोकात पाच वर्षांचा फरकही कुणाच्या लक्षात येत नाही. परवान्याचं वर्ष बऱ्याच राज्यांच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं. कॉलेजचं नाव त्यांच्या काळातलं लिहा. उदाहरणार्थ, इलिनॉयमधल्या लोंबार्डचं नॅशनल कॉलेज 2000 पासून 'नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेस' झालं. पण 1968 साली शिकलेल्या माणसासाठी ते नॅशनल कॉलेजच. डीडी-214 लगेच अंत्यविधी गृहाकडे द्या. त्यावरूनच घडी घातलेला ध्वज आणि 'टॅप्स' या लष्करी निरोपाच्या बिगुलाची सोय होते.

मग त्यांच्या काळाची नोंद घ्या. इथे लेखाला खरं वजन येतं. डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला या उपचाराची सुरुवात केली, पण सगळ्या राज्यांत परवाना मिळायला 1974 उजाडलं, लुइझियाना शेवटचं. न्यूयॉर्कमध्ये परवाना 1963 पासून. त्याआधी तिथे दवाखाना चालवणारा माणूस कायद्याच्या कडेवर उभा होता, आणि अशा अनेकांनी तुरुंगही पाहिला. 1980 पर्यंत अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे नीतिनियम आपल्या डॉक्टरांना कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवण्यापासून रोखत होते. चार कायरोप्रॅक्टरांसह चेस्टर विल्क यांनी 1976 मध्ये खटला भरला आणि 1987 मध्ये न्यायालयाने असोसिएशनला दोषी धरलं. सासऱ्यांनी 1970च्या आसपास दवाखाना थाटला असेल, तर गावातले डॉक्टर त्यांच्याकडे रुग्ण पाठवत नव्हते, हे एका वाक्यात लिहा. 'जिद्दी' हे विशेषण मग आपोआप अनावश्यक होतं.

कामाचं वर्णन करताना पद्धत विचारून घ्या, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. थॉम्पसन पद्धतीत टेबलाचा एक भाग दाबाबरोबर किंचित खाली पडतो आणि 'ठक्' असा आवाज होतो. ॲक्टिव्हेटरवाल्यांच्या हातात स्प्रिंगचं छोटं उपकरण असतं. गॉन्स्टेड पद्धतीचे लोक मानेसाठी रुग्णाला खुर्चीत बसवतात. कॉक्स पद्धतीत टेबलाचा खालचा अर्धा भाग हळूहळू वाकतो. जुन्या रुग्णांच्या स्मरणात हाच आवाज, हेच टेबल असतं. 'निखळलेले मणके जागेवर बसवले' असं मात्र लिहू नका. ॲडजस्टमेंटच्या, म्हणजे सांध्याला हाताने झटका देण्याच्या, वेळचा 'कट्' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो, हाड सरकल्याचा नव्हे. आजार बरे केल्याचे दावेही नकोत. 'पाठदुखीने वाकून आलेला माणूस ताठ चालत गेला' हे कुणी प्रत्यक्ष सांगितलं असेल, तर त्याच्या परवानगीनेच लिहा. जुनी अपॉइंटमेंटची वही किंवा एक्स-रे फिल्म आठवणींच्या फलकावर लावू नका, त्यांवर रुग्णांची नावं असतात. अमेरिकी कायद्यानुसार दवाखान्यातली रुग्णाची माहिती त्याच्या मृत्यूनंतरही 50 वर्षं संरक्षित असते.

कुटुंबाबद्दल 'प्रेमळ पिता, आदर्श पती' लिहिलं की सगळे लेख सारखे दिसू लागतात. त्यापेक्षा प्रत्येक नातेवाइकाला एकच प्रश्न विचारा: शनिवारी सकाळी ते काय करत असत? उत्तरांतून मासेमारी, पॅनकेक, नातवाच्या सामन्यातली ठरलेली खुर्ची असं काहीतरी नेमकं निघतं. लहान गावातल्या दवाखान्यात अनेकदा पत्नीच काउंटर, हिशेब आणि फोन सांभाळत असे. तसं असेल तर ठळकपणे लिहा, कारण ती चाळीस वर्षं तिचीही असतात.

वारसांच्या यादीत सर्वांत जास्त चुका होतात. मराठीत आपण 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी मृत्युलेखात सहसा प्रत्येकाचं नाव येतं, जोडीदाराचं कंसात, आणि आधी गेलेल्या आईवडील-भावंडांची वेगळी ओळ. सावत्र मुलं, लग्नानंतर बदललेली आडनावं, नवं जन्मलेलं बाळ यांवर नजर ठेवा. ही यादी दोघांकडून तपासून घ्या, एक सासरच्या बाजूचा आणि एक पुढच्या पिढीतला.

वर्तमानपत्रात जागेप्रमाणे पैसे पडतात, फोटोचे बहुधा वेगळे. त्यामुळे दीडशे-दोनशे शब्दांचा मजकूर तिथे द्या आणि सविस्तर लेख अंत्यविधी गृहाच्या पानावर. पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि घराचा पत्ता टाळा. ओळखचोरांना तेवढं पुरतं, आणि अंत्यविधीच्या वेळी घर रिकामं असतं हे चोरांनाही कळतं. नावापुढे 'डॉ.' आणि नावामागे 'डी.सी.' (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक) दोन्ही एकदम लावू नका, एक निवडा.

भाषण करायचं असेल तर इंग्रजीत मिनिटाला साधारण 130 शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना 650. भरल्या गळ्याने वेग मंदावतो, म्हणून 500वर थांबा. मोठ्या अक्षरात, एका बाजूलाच छापा. शिवाय एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्या, आवाज फुटलाच तर ती व्यक्ती पुढे वाचेल.

इकडच्या नातलगांसाठी मराठी मजकूर पाठवताना 'हाडवैद्य' हा शब्द वापरू नका, कायरोप्रॅक्टर मोडलेली हाडं सांधत नाही. 'मणक्यांच्या सांध्यांवर हाताने उपचार करणारे कायरोप्रॅक्टर' एवढं पहिल्याच ओळीत लिहा. नुसतं 'डॉ.' वाचलं की इथल्या वाचकाला एम.बी.बी.एस. वाटतं.

छापायला देण्याआधी संपूर्ण मजकूर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. त्या जिथे थांबवतील तिथे वाद न घालता बदल करा.