आधी किलो, मग इंच: थार-जिम्नीचं सस्पेन्शन निवडताना

"ताई, दोन इंच लिफ्ट टाकून द्या." चेंबूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये थार नाहीतर जिम्नी घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. माझा पहिला प्रश्नही ठरलेला आहे: गाडीचं वजन किती? कंपनीच्या कागदावरचं नको. बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी), वरचं कॅरियर, फुल टाकी आणि नेहमीची माणसं बसलेली असताना किती? हे माहीत नसेल तर स्प्रिंग निवडता येत नाही, आणि स्प्रिंग ठरल्याशिवाय शॉकअप ठरत नाही. गाडी किती उचलली जाईल हे त्या दोन्हींच्या हिशेबातून आपोआप निघतं.

तेव्हा आधी वजनकाट्यावर जा. कळंबोली, तुर्भे, भिवंडी, जिथे ट्रकची ये-जा आहे तिथे काटा असतोच. नेहमीचं सामान भरून, माणसं बसवून तीन वजनं घ्या: पूर्ण गाडीचं, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून आणि फक्त मागची चाकं ठेवून. पुढचं आणि मागचं वजन वेगळं कळलं की निम्मा प्रश्न सुटतो, कारण विंचचा भार जवळजवळ सगळा पुढे पडतो आणि टूलबॉक्स, पाण्याचे कॅन, तंबू यांचा मागे.

जिम्नीचंच बघा. रिकामी गाडी साधारण 1,200 किलोची आणि भरलेल्या गाडीची कंपनीने घातलेली मर्यादा 1,545 किलो. म्हणजे हातात साडेतीनशेच्या आत. सत्तर किलोची चार माणसं बसली की 280 संपले. उरलेल्या पासष्ट किलोंत लोखंडी बंपर, विंच आणि कॅरियर मिळून बसत नाहीत. अशा वेळी लोक म्हणतात, "मग जाड स्प्रिंग टाका." जाड स्प्रिंगने गाडीचा मागचा भाग उचललेला दिसेल, पण ब्रेक तेच राहतात, दोन चाकांना जोडणारं आडवं हाउजिंग तेच आणि चासीही तीच. वजनाची मर्यादा स्प्रिंग बदलून वाढत नाही. तिथे सामान कमी करणं हाच उपाय आहे, आणि मी तो स्पष्ट सांगते.

स्प्रिंगचा हिशेब अवघड नाही. समजा, मागच्या एका स्प्रिंगचा रेट 25 न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला साधारण अडीच किलो लागतात. मागे कायमचे 100 किलो वाढले तर प्रत्येक बाजूला 50, म्हणजे गाडी 20 मिलिमीटर बसणार. तुमच्या गाडीचा रेट वेगळा असेल, रीत हीच. यात "कायमचे" हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एखाद्या मोठ्या ट्रिपला भरता ते सामान यात धरू नका. सोमवार ते शुक्रवार एकटं माणूस बसवून सायन-पनवेल करणाऱ्या गाडीत जड भाराची स्प्रिंग टाकली, तर ती रस्त्यावर आपटत चालते. दगडांत गेल्यावर तर चाक खाली उतरून जमीन धरायला हवं तिथे हवेत लटकतं. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीच्या ओल्ड मॅन इमूसारख्या ब्रँडमध्ये एकाच मॉडेलसाठी हलक्या, मध्यम आणि जड भाराच्या वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात त्या याचसाठी. दुकानदाराने "थारचा सेट" म्हणून एकच खोका पुढे केला तर तो किती किलोंसाठी आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुकान बदला.

आधी खाली वाकून बघा

आमच्याकडे "अपग्रेड" मागायला आलेल्या कितीतरी गाड्यांना नुसती दुरुस्ती हवी असते. मुंबईच्या पावसाळ्यातले खड्डे रबर बुश (सांध्यांमधल्या रबरी पुंगळ्या) आणि लिंक रॉड खाऊन टाकतात. गाडी डोलते, खड्ड्यात खट् आवाज येतो, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, आणि मालकाला वाटतं की कंपनीचं सस्पेन्शनच कच्चं आहे. शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटलेला पातळ थर चालतो, तेल ओघळत असेल तर तो गेला. बुशचं रबर फाटलंय का, बॉल जॉइंटला खेळ आलाय का, स्टॅबिलायझरची लिंक वाजते का, हे जॅकवर घेऊन तपासा. जे गेलंय ते मूळ कंपनीचं बसवा आणि काही आठवडे चालवा. त्यानंतरही मन मानत नसेल तर पुढचा खर्च करा.

आणि टायर. लोणावळा-मुळशीच्या बाजूला दगड आणि चिखल लागला की हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवून बघा. पकड वाढते, दणके कमी होतात. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. पहिल्यांदा ऑफरोडला जाणाऱ्याला मी लिफ्टच्या आधी कॉम्प्रेसर घ्यायला लावते.

लिफ्टने काय मिळतं, काय जातं

ज्या गाडीला आडवं हाउजिंग आहे तिच्यात डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा हा सगळ्यात खालचा भाग. स्प्रिंग उंच केली तरी तो तिथेच राहतो, कारण हाउजिंग चाकांवर असतं. तो उचलायचा तर टायरच मोठा लागतो. स्प्रिंगच्या लिफ्टने चासी वर जाते, पुढच्या-मागच्या बंपरचा आणि पोटाचा कोन सुधारतो. बांधावर पोट टेकत असेल तर त्याचा उपयोग आहे. डिफरन्शियल दगडाला लागत असेल तर नाही.

पुढचं सगळं तुमच्या गाडीखाली काय आहे त्यावर अवलंबून. जिप्सीला चारही बाजूंना कमानपाटे. माझे मामा ट्रकच्या पाट्यांचं काम करायचे, मी हा धंदा त्यांच्याच हाताखाली शिकले. बसलेल्या पाट्याला ठोकून कमान चढवून घेतली तर तो काही काळ उंच दिसतो आणि भार पडला की परत बसतो. तुमच्या वजनाला जुळणारा नवा पाट्यांचा सेट घ्या. यू-बोल्ट नवेच घ्यायचे, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. लांब शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती पट्टी) टाकून उंची काढायची युक्ती स्वस्त असते, पण हाउजिंग फिरतं आणि स्टिअरिंगचा कास्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, बिघडतो.

2020 च्या आधीच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. त्याचा बोल्ट आवळला की गाडी पुढून उंच होते, फुकटात. पण बारचा कडकपणा तेवढाच राहतो. चाकाची खाली जायची चाल मात्र संपते आणि प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन खाली सुटून टोकाला आदळतं. बसलेली उंची परत मूळ मापावर आणण्यापुरताच तो बोल्ट फिरवावा.

2020 नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल, मागे मल्टिलिंक हाउजिंग आणि कॉइल. इथे पुढच्या बाजूला साधारण दोन इंचांच्या वर मी जात नाही. ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, आणि अलाइनमेंट मापात बसवायला वरचा आर्म बदलावा लागू शकतो. शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर ठेवून केलेली लिफ्ट तर मी बसवतच नाही. त्यात चाल वाढत नाही, आहे तीच वर-खाली सरकते.

जिम्नीला दोन्हीकडे हाउजिंग आणि कॉइल. उचलली की दोन गोष्टी होतात. पुढचं हाउजिंग फिरून कास्टर कमी होतो, त्यामुळे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ यायला कुरकुरतं आणि हायवेला गाडी भटकते. दुसरं, पॅनहार्ड रॉडमुळे (हाउजिंगला चासीशी आडवं बांधणारा दांडा) हाउजिंग एका बाजूला सरकतं. म्हणून किटमध्ये कास्टर सुधारणारे बुश आहेत का आणि पॅनहार्ड रॉड ॲडजस्ट होतो का, हे आधी विचारायचं. उचललेल्या जिम्नीचं स्टिअरिंग एखाद्या वेगाला थडथडायला लागलं तर काही जण जाड स्टिअरिंग डॅम्पर लावून देतात. त्याने थरथर दबते, कारण तसंच राहतं. टायरचं बॅलन्सिंग, किंगपिन बेअरिंग, पॅनहार्डचे बुश आणि कास्टर, हे एकेक करून तपासल्याशिवाय अशी गाडी घाटात नेऊ नका. मी हे कळकळीने सांगते आहे. उतारावर स्टिअरिंग हातात राहत नाही तेव्हा मागे पोरंबाळं बसलेली असतात.

शॉकअप

यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात. स्प्रिंग भार उचलते, शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. ती ऊर्जा तेलात उष्णता होऊन जाते. तेल तापलं आणि त्यात फेस झाला की शॉकअप ढिला पडतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा: माझा शॉकअप खरंच तापतो का?

मुंबईहून शनिवारी निघून मुळशी, इगतपुरी, जव्हारच्या बाजूला फिरून रविवारी परत येणाऱ्यांची गाडी अवघड जागी माणसाच्या चालीने, लो गिअरमध्ये जाते. तिथे शॉकअप फारसा तापत नाही. भीती असते ती दगडाची. सह्याद्रीचा काळा पाषाण असो नाहीतर कोकणातला जांभा, नळीला टोला बसतोच. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरतो. मोठा पोचा पडला की पिस्टन अडकतो आणि शॉकअप बाद होतो. ट्विन-ट्यूबमध्ये आत वेगळी नळी असते, बाहेरच्या पोच्याने काम थांबेलच असं नाही. म्हणून अशा गाडीला मी चांगला, गॅस भरलेला ट्विन-ट्यूब सुचवते.

स्पिती-लडाखला जाऊन खडखडीत कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास वेगाने चालवायचं असेल तर हिशेब उलटतो. तिथे मोनोट्यूब लवकर थंड होतो, गॅस तेलापासून वेगळा राहतो आणि दमही टिकतो. बाहेर वेगळी टाकी असलेले शॉकअप त्याच कामाचे. शहरात आणि घाटात चालणाऱ्या गाडीसाठी तो खर्च मला पटत नाही. आट्यांवर उंची बदलणारे कॉइलओव्हरही (शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवलेले सेट) इथे नकोत. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लागून त्या आट्या गंजतात, कॉलर जाम होते आणि ॲडजस्टमेंट नावापुरती उरते.

शॉकअपची लांबी स्प्रिंगला जुळली पाहिजे. पूर्ण दाबला गेल्यावर तो स्वतः टेकायच्या आधी बंप स्टॉप (दणका झेलणारा ठोकळा) टेकला पाहिजे. पूर्ण सुटल्यावर स्प्रिंग सैल होऊन जागेवरून निसटता कामा नये. वेगवेगळ्या ब्रँडचे तुकडे जोडलेत की इथेच घोळ होतो.

बुशबद्दल थोडक्यात: रबरच ठेवा. पॉलियुरेथेन चिखलात आणि पावसात कुरकुरतं, ग्रीस मागतं. आडव्या हाउजिंगच्या गाडीत तर आर्मला जे पिळणं लागतं त्याला ते अडवतं.

आणखी एक. किनाऱ्यावर गाडी घालण्यासाठी सस्पेन्शन करून द्या म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. कोकणात वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. त्या वाळूवर चार चाकांचं काही काम नाही.

ऑर्डर देण्याआधी

पार्किंग मोजा. थार मुळात साधारण 1.85 मीटर उंच. त्यात दोन इंच स्प्रिंगचे, इंचभर टायरचा आणि वर कॅरियर आलं की दोन मीटर ओलांडते. सोसायटीतल्या स्टॅक पार्किंगच्या पाटीवर मर्यादा लिहिलेली असते, ऑफिसच्या बेसमेंटचीही बघा.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खराब शॉकअपच्या जागी त्याच मापाचा चांगला शॉकअप घालणं वेगळं आणि गाडीची उंची वाढवणं वेगळं. उंची वाढवायची असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना आधी लेखी विचारा. अपघातानंतर क्लेमच्या वेळी हा प्रश्न निघाला तर फार उशीर झालेला असतो.

बसवताना समोर उभे राहा

काम सुरू होण्याआधी सपाट फरशीवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा. काम झाल्यावर तेच परत मोजा.

रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, तिच्या उभ्या उंचीवर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या गॅरेजमध्ये हे हमखास राहून जातं, म्हणून पाना कधी फिरतो ते स्वतः बघा. टॉर्क रेंच नसलेल्या ठिकाणी हे काम देऊच नका. स्प्रिंग कॉम्प्रेसरचं काम घरी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे बघा. मग अलाइनमेंट. प्रिंटआउटवर फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) नाही, कास्टरही वाचा. डावा-उजवा जवळपास सारखा आणि कंपनीच्या मापात हवा. हेडलाइटचा झोत खाली आणून घ्या, पुढून उचललेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते.

चाचणीला मी गाडी आधी स्पीड ब्रेकरवरून हळू नेते. बॉडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, पुन्हा पुन्हा झुलता कामा नये. मग ईस्टर्न फ्रीवेवर, पुलाच्या सांध्यांवरून. तिथे दणका मणक्यात पोहोचत असेल तर शॉकअप किंवा स्प्रिंग त्या वजनाला जास्त कडक आहे. दोन्ही ठिकाणी तुम्ही स्वतः चालवून बघा, मिस्त्रीच्या शब्दावर गाडी ताब्यात घेऊ नका.

साधारण 500 किलोमीटर झाले की परत या. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. सगळे बोल्ट, विशेषतः यू-बोल्ट, पुन्हा टॉर्कवर आवळून घ्या, चारही उंच्या मोजा आणि अलाइनमेंट दुसऱ्यांदा करा. कोकणातून किंवा चिखलातून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, स्प्रिंगच्या बैठकीतली माती बोटाने काढा. तिथेच ओल धरून गंज सुरू होतो.