उच्च रक्तदाब असताना चिनी टॉनिकची बाटली उघडण्यापूर्वी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा जावई बोटीवर असतो, आणि सिंगापूर किंवा शांघायहून सुट्टीवर येताना तो घरच्या वडीलधाऱ्यांसाठी ‘ताकदीचे औषध’ घेऊन येतो. आमच्याकडे भाच्याने अशीच एक बाटली आणली. लाल खोक्यावर हरणाचे चित्र होते आणि बाकी सगळा मजकूर चिनी अक्षरांत होता. आईला रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे बाटली उघडण्याआधी जी तपासणी केली, तीच येथे क्रमाने देत आहे.

प्रथम खोका वाचावा. फोनमधील भाषांतराच्या सोयीने खोक्याच्या सर्व बाजूंची छायाचित्रे वाचून घ्यावीत आणि घटकांची यादी कागदावर उतरवून काढावी. चीनमध्ये औषध म्हणून मंजूर झालेल्या मालावर परवाना क्रमांक असतो व पारंपरिक औषधांच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर येते. निळ्या टोपीचे चिन्ह असेल तर तो माल औषध नसून आरोग्यपूरक खाद्य म्हणून नोंदलेला असतो. घटकच छापलेले नसतील तर विचार तेथेच संपवावा, मग आणणारा कितीही जवळचा असो.

यादीत सर्वप्रथम ‘गान-त्साओ’ शोधावे. हे दुसरे तिसरे काही नसून आपले ज्येष्ठमध आहे, आणि खोकल्यावर लहानपणापासून चघळत आल्यामुळे त्याची कोणालाच भीती वाटत नाही. चिनी वैद्यकात ते इतर द्रव्यांचा मेळ साधण्यासाठी असंख्य पाठांत, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृतींत, घातले जाते. ‘शी-च्वान-दा-बू-थांग’ या दहा द्रव्यांच्या प्रसिद्ध पुष्टिकाढ्यातही ते आहे, तर सहा द्रव्यांच्या ‘ल्यू-वेइ-दी-ह्वांग’ गोळ्यांच्या मूळ पाठात नाही. मूत्रपिंडातील एक एन्झाइम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करीत असते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनपासून शरीरात बनणारे द्रव्य त्या एन्झाइमला अडवते, कॉर्टिसॉल तेथे प्रभावी राहते व त्यामुळे मूत्रपिंड मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम मात्र लघवीवाटे बाहेर टाकते, आणि रक्तदाब चढतो. नियमित सेवनात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिनच्या पुढे जाऊ नये असा सल्ला युरोपातील तज्ज्ञ समितीने दिलेला आहे. ज्येष्ठमधाच्या मुळीत दोन टक्के ग्लिसिऱ्हायझिन धरले तर ही मर्यादा ५ ग्रॅम मुळीतच गाठली जाते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने तिच्या जवळपासही न जाणे बरे. या हिशेबात खोकल्याचे आयुर्वेदिक सिरप, घशाच्या गोळ्या आणि विड्यातले ज्येष्ठमधही धरावे.

आपल्या किनाऱ्यावर यात आणखी एक भर पडते. पावसाळ्यात सुकट, खारवलेला बांगडा, खारातली कैरी आणि पापड यांवरच जेवण निभावणाऱ्या घरात मीठ आधीच जास्त जाते, आणि वर मीठ धरून ठेवणारे टॉनिक दिले, तर गोळी काम करीत नाही अशी तक्रार घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो.

‘मा-ह्वांग’, म्हणजे एफेड्रा ही वनस्पती, दिसल्यास ते टॉनिक घेऊ नये. त्यातील एफेड्रिन हृदयाचे ठोके व रक्तदाब दोन्ही वाढवते, आणि अमेरिकेने २००४ साली पूरक आहारात ते वापरण्यास बंदी घातली. ‘फू-त्झ’ म्हणजे बचनागाच्या कुळातील मूळ, तेही टाळावे. ‘रन-शन’, म्हणजे जिनसेंग, वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम कमी करू शकते, तर ‘डांग-ग्वेइ’ आणि ‘दान-शन’ या मुळ्या तो वाढवून रक्तस्रावाचा धोका निर्माण करू शकतात. काही टॉनिके मद्यात मुरवलेली असतात, तेही पाहून घ्यावे.

त्यानंतर ही यादी आणि चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांना भेटावे. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी चालू असेल तर तीही पोटॅशियम कमी करते, म्हणून तिच्याबरोबर ज्येष्ठमध विशेष घातक ठरते. गोळी आणि काढा यांत दोन तासांचे अंतर ठेवले की झाले, ही समजूत येथे उपयोगाची नाही, कारण हा परिणाम पोटात नव्हे, मूत्रपिंडात होतो. रक्तदाबाची गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नये. रक्तदाब आटोक्यात नसेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर टॉनिक घेऊच नये.

डॉक्टरांनी संमती दिली तरी आधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहावा. अर्धा तास आधी चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर व दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा, आणि एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. टॉनिक सुरू केल्यावरही ही वही चालू ठेवावी, कारण ज्येष्ठमधाचा परिणाम हळूहळू दिसतो आणि बंद केल्यावरही काही आठवडे रेंगाळू शकतो. घरचे आकडे वारंवार १३५/८५ च्या वर जाऊ लागले, पाय सुजले, पोटऱ्यांत गोळे आले, हातपाय गळाल्यासारखे वाटले किंवा छातीत धडधडू लागले, तर टॉनिक त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे रक्तातील पोटॅशियम तपासून घ्यावे. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, दम लागणे, बोबडी वळणे किंवा एक बाजू लुळी पडणे असे काही होत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. दवाखान्यात बाटलीबरोबर खोकाही न्यावा, कारण घटकांची यादी बहुधा खोक्यावरच असते आणि आपल्याकडे खोका पहिल्याच दिवशी न्हाणीच्या चुलीत जातो.