‘नाही’ म्हणण्याआधी जुन्या वळणाने शोधा

वाचक जुनं पुस्तक मागतो, कपाटात ते नसतं आणि आपण मान हलवतो. ग्रंथपालांनो, तेवढी पाच मिनिटं इंटरनेटला द्या. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आणि इंटरनेट अर्काइव्ह या दोन्ही ठिकाणी जुनी मराठी पुस्तकं फुकट सापडतात.

शोध फसतो तो बहुतेकदा शुद्धलेखनामुळे. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर मात्र ते ठाण मांडून आहेत. वि. का. राजवाडे यांचे खंड हवे असतील तर ‘इतिहासाची साधने’ टाकून पाहाच, पण ‘इतिहासाचीं साधनें’ असंही टाका. मग रोमन लिपीत, तेही दोन-तीन तऱ्हांनी, कारण नोंद करणाऱ्याने ‘राजवाडे’मधला ‘व’ कोणत्या अक्षराने लिहिला असेल याचा नेम नाही. तरीही हाती लागलं नाही, तर नुसतं लेखकाचं आडनाव टाका.

सापडलेली प्रत देण्याआधी हक्क तपासा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साधारण ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. अनुवाद असेल तर अनुवादकाच्या निधनाचं सालही बघा.

प्रत मिळाली की ग्रंथालयाच्या संगणकावर उतरवून ठेवा, आणि तालिकेत त्या पुस्तकाची नोंद करून ‘संगणकावर उपलब्ध’ असं लिहा. हे अजिबात टाळू नका. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा वाचक तेच पुस्तक मागेल आणि काउंटरवरचा सहकारी त्याला रिकाम्या हाती परत पाठवेल.